नवे वीजमीटर आणि घरचा हिशेब

पडवीच्या भिंतीवर, वाशांच्या खाली बसविलेले विजेचे मीटर ही घरातील बहुधा सर्वांत दुर्लक्षित वस्तू होय. महिन्याकाठी, काही राज्यांत दोन महिन्यांनी, रीडिंग घेणारा माणूस येतो, मान उंचावून आकडे टिपतो, बिल हाती ठेवतो आणि पुढच्या घराकडे वळतो. तेवढ्यापुरते कोणाचे तरी लक्ष मीटरकडे जाते. एरवी काचेआडची तबकडी आपल्या गतीने फिरत असते आणि तिची आठवणही कोणास होत नाही. तेच मीटर गेल्या काही वर्षांत ग्रामसभांपासून विधिमंडळांपर्यंत वादाचा विषय होऊन बसले आहे. जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसविण्यासाठी माणसे दारात आली, की "बिल वाढणार नाही असे आधी लिहून द्या", हे वाक्य हमखास ऐकू येते.

बडोद्यात मे २०२४ मध्ये हा असंतोष रस्त्यावर आला. आगाऊ पैसे भरण्याच्या, म्हणजे प्रीपेड पद्धतीने चालणारी मीटरे तेथील काही वसाहतींत बसविण्यात आली होती. भरलेली रक्कम बघता बघता संपते, पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पैसे जातात, अशी गृहिणींची व निवृत्त मंडळींची तक्रार होती. शंका असेल तेथे तुलनेसाठी शेजारी दुसरे मीटर बसवून देण्याचे तेव्हा जाहीर झाले. त्यानंतर लवकरच, जून २०२४ मध्ये, सामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविण्यात येणार नाही, अशी घोषणा महाराष्ट्रातही करण्यात आली. गोव्यात वीजपुरवठा कोणत्याही कंपनीकडे नसून थेट शासनाच्या वीज खात्याकडे आहे. मीटर बदलण्याचे काम येथेही केंद्राच्या योजनेखाली हाती घेण्यात आले असून येथील ग्राहकांच्या मनातही थोड्याफार फरकाने त्याच शंका आहेत.

या शंका अडाणीपणाच्या म्हणून उडवून लावणे योग्य नाही. ज्या घराचा महिन्याचा खर्च मोजूनमापून चालतो, त्या घरात बिलातील दोनशे रुपयांची वाढ म्हणजे एका आठवड्याची भाजी असते. मीटर बसविणाऱ्या कर्मचाऱ्याने दोन मिनिटे थांबून विचारल्या प्रश्नाचे उत्तर दिले असते, तर अनेक ठिकाणचा वाद दारातच मिटला असता, असे म्हणावेसे वाटते.

मीटर बदलण्यामागील हेतू

जून २०२१ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने वीज वितरण क्षेत्रासाठी एक सुधारणा योजना मंजूर केली. तिचा एकूण आराखडा ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांचा होता आणि तिच्याखाली देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. विजेची गळती, चोरी व थकबाकी यांमुळे वितरण संस्थांना होणारा तोटा आटोक्यात आणणे, हा या योजनेचा मुख्य हेतू आहे. ग्राहकास तिच्यातून काही सोयी मिळतात हे खरे. परंतु त्या ओघाने मिळतात. ही गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी, कारण "हे सारे तुमच्याच सोयीसाठी आहे" असे सांगितले गेले, की ऐकणाराचा संशय उलट वाढतो.

खर्चाचेही तसेच. मीटरमागे खर्चाच्या १५ टक्के, परंतु ९०० रुपयांहून अधिक नाही, एवढे अनुदान सर्वसाधारण राज्यांस केंद्राकडून मिळते. उरलेला पैसा कंत्राट घेणारी संस्था प्रथम स्वतः घालते आणि पुढे मीटरांची देखभाल करून अनेक वर्षे दरमहा ठराविक आकाराने तो वितरण संस्थेकडून वसूल करते. म्हणून या योजनेखाली मीटर बदलताना घरमालकाकडे दारात पैसे मागितले जात नाहीत. तथापि मीटर फुकट आहे, असे म्हणणे अर्धेच खरे होय; वितरण संस्थेचा खर्च अखेर नियामक आयोगाच्या दरपत्रकातूनच फिटावयाचा असतो. कर्नाटकात २०२५ साली नव्या जोडण्यांसाठी स्मार्ट मीटर आवश्यक करण्यात आले, तेव्हा मीटरच्या किमतीवरूनच मोठा वाद माजला होता. बेळगावकडील वाचकांस तो स्मरत असेल.

आता यंत्राविषयी. जुन्या मीटरमध्ये विजेच्या प्रवाहामुळे ॲल्युमिनियमची तबकडी फिरते व तिच्या फेऱ्यांवरून आकडे सरकतात. नव्या मीटरमध्ये फिरणारा एकही भाग नाही. ते विजेचा दाब व प्रवाह इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजते, दर पाव किंवा अर्ध्या तासाचा वापर आपल्या स्मृतीत नोंदवून ठेवते आणि मोबाइलच्या जाळ्यातून अथवा रेडिओलहरींनी ती नोंद कार्यालयाकडे पाठविते. एखाद्या डोंगराळ वाड्यावर मोबाइलची रेंज नसेल, तर नोंद नाहीशी होत नाही. ती मीटरमध्येच राहते व संपर्क साधल्यावर पुढे जाते. या लहरींमुळे प्रकृतीस अपाय होतो काय, असेही विचारले जाते. मीटर दिवसातून काही थोडा वेळच संदेश धाडते, तर कानाशी धरलेला मोबाइल तासन् तास चालू असतो. ही तुलना पुरेशी बोलकी आहे.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालविल्यास लागणारी वीज म्हणजे एक युनिट. ही व्याख्या जुन्या मीटरला जी लागू होती तीच नव्याला लागू आहे. युनिटचा दर विद्युत नियामक आयोग ठरवितो. गोव्याच्या बाबतीत तो अधिकार गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेल्या संयुक्त विद्युत नियामक आयोगाचा आहे. भिंतीवरील यंत्रास दर वाढविण्याचा किंवा कमी करण्याचा काहीही अधिकार नाही. असे असूनही मीटर बदलल्यावर कित्येक घरांचे बिल वाढते, हा अनुभव खोटा नाही. त्याची कारणे मात्र निरनिराळी असतात आणि ती ओळखता आली तर त्यांतील बरीच दूर करता येतात.

बिल का वाढते

पहिले कारण सर्वांना ठाऊक असलेले, पण उघडपणे क्वचितच मान्य केले जाणारे आहे. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या मीटरचे भाग झिजतात, धूळ व दमट हवा आत शिरते आणि तबकडी जड होऊन सावकाश फिरू लागते. लहानसा दिवा किंवा पंखा एवढाच भार असेल तर ती जागची हलतही नाही. अशा घरी नवे मीटर बसले, की पूर्वी न मोजली गेलेली वीज मोजली जाऊ लागते. हे मीटर जलद झाले नसून आधीचे मंद होते. परंतु बिल हाती धरलेल्या माणसास या भेदाचे फारसे समाधान वाटत नाही, हेही समजण्यासारखे आहे.

दुसरे कारण मीटर बदलण्याच्या दिवसाशी निगडित आहे. बहुसंख्य तंटे याच ठिकाणी जन्मास येतात, म्हणून त्याकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे. समजा, महिन्याच्या १२ तारखेस मीटर बदलले. १२ तारखेपर्यंतचा वापर जुन्या मीटरच्या अखेरच्या आकड्यावरून आणि पुढील वापर नव्या मीटरच्या आरंभीच्या आकड्यापासून धरावयाचा असतो. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा घाईने चुकीचा उतरविला गेला, किंवा तो कार्यालयाच्या नोंदीत वेळेवर चढला नाही, तर पुढचे बिल फुगते. मधला एक महिना बिलच निघाले नाही, तर दोन महिन्यांचा वापर एका महिन्याचा धरला जाण्याचा संभव असतो. अशा वेळी टप्प्यांच्या दरामुळे युनिटे तितकीच राहूनही रक्कम वाढते.

उदाहरणासाठी असे समजू, की पहिल्या १०० युनिटांस ४ रुपये व त्यापुढील युनिटांस ७ रुपये दर आहे आणि एखाद्या घराचा वापर महिन्यास ८० युनिटे आहे. दोन महिन्यांची १६० युनिटे नीट विभागली, तर सर्व ४ रुपयांच्या टप्प्यात बसतात व विजेचा आकार ६४० रुपये होतो. तीच १६० युनिटे एका महिन्याची म्हणून धरली, तर १०० युनिटांचे ४०० आणि ६० युनिटांचे ४२० मिळून ८२० रुपये होतात. येथे १८० रुपये मीटरने नव्हे, तर हिशेबाने वाढविले. बिलावर मागील व चालू रीडिंगच्या तारखा छापलेल्या असतात. त्यांमधील दिवस मोजले की ही चूक तत्काळ ध्यानात येते. दिवस अधिक असतील तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून लावले पाहिजेत, अशी मागणी ग्राहकास करता येते.

यास्तव मीटर बदलताना घरातील कोणीतरी जाणते माणूस समोर उभे असावे. जुने मीटर खोलण्यापूर्वी त्याच्यावरील आकडा व क्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे, नव्या मीटरचेही घ्यावे, आणि मीटर बदली अहवालावर तेच आकडे लिहिले आहेत हे पाहूनच सही करावी. अहवालाची प्रत मागून घ्यावी. आकडे न लिहिलेल्या कोऱ्या कागदावर सही करण्यास कोणीही कोणास भाग पाडू शकत नाही. पुढील दोन बिले येईपर्यंत ही छायाचित्रे जपून ठेवावीत. नंतरच्या वादात दहा अर्जांनी जे साधत नाही, ते या एका छायाचित्राने साधते.

तिसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही आणि ते विशेषतः जुन्या, वाटण्या झालेल्या घरांत आढळते. वीज घरात दोन तारांनी खेळते: एका तारेने ती येते, तिला फेज म्हणतात, दुसरीने ती परतते, तिला न्यूट्रल म्हणतात. जुने तबकडीचे मीटर सामान्यतः फेजच्या तारेतील प्रवाहच मोजीत असे. चोरीला आळा बसावा म्हणून आजचे एकफेजी मीटर दोन्ही तारांतील प्रवाह मोजते आणि त्यांत फरक आढळला, तर जो अधिक असेल त्यावरून युनिटे धरते.

आता एका घराची कल्पना करावी. वडिलांच्या पश्चात दोघा भावांनी घर मधोमध विभागले, मीटर वेगळी घेतली, परंतु आतील वायरिंग जुनेच राहिले आणि दोघांच्या न्यूट्रल तारा कोठेतरी एकमेकींस जोडलेल्या राहिल्या. थोरल्याच्या घरी दोन अँपिअर व धाकट्याच्या घरी सहा अँपिअर प्रवाह वापरला जात आहे. परतणारा आठ अँपिअरचा प्रवाह दोन्ही न्यूट्रल तारांत सुमारे चार-चार असा वाटला जातो. थोरल्याच्या मीटरला फेजमध्ये दोन व न्यूट्रलमध्ये चार अँपिअर दिसतात, म्हणून ते चार धरते. धाकट्याच्या मीटरला फेजमध्ये सहा व न्यूट्रलमध्ये चार दिसतात, म्हणून ते सहा धरते. वापर आठचा, मोजणी दहाची, आणि वाढीव दोन सर्वस्वी थोरल्याच्या माथी. त्याचे बिल दुप्पट! धाकट्यास काहीच फरक जाणवत नाही आणि थोरला मात्र नव्या मीटरला दोष देत राहतो. घरमालक व भाडेकरू, दुकान व त्यामागील घर, विहिरीवरील पंप व घर यांच्याही बाबतीत असेच घडते. पावसाळ्यात भिजलेल्या भिंतींतून वीज जमिनीत झिरपत असेल, तरीही दोन तारांतील प्रवाहांत फरक पडतो.

यावरील उपाय वीज खात्याकडे नाही. परवानाधारक वायरमनकडे आहे. प्रत्येक मीटरची न्यूट्रल तार निराळी करून घेणे आणि वीज झिरपू लागताच पुरवठा तोडणारा ई.एल.सी.बी. नावाचा स्विच बसविणे, एवढेच काम असते. दोन भावांच्या न्यूट्रल तारा जोडलेल्या असतील, तर हा स्विच बसविताच वरचेवर पडू लागतो व चूक आपोआप उघडी पडते. या स्विचने बिलाबरोबर प्राणही वाचतात, कारण ओल्या भिंतीस हात लागून बसणारा विजेचा धक्का याच झिरपणाऱ्या प्रवाहाचा असतो.

घरच्या घरी पडताळा

मीटरवर संशय असेल तर तो पडताळून पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक नव्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो. ठराविक उघडझापी झाल्या म्हणजे एक युनिट होते; तो आकडा मीटरच्या तोंडावर छापलेला असतो व पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. प्रथम घरातील मेन स्विच बंद करावा. दिव्याची उघडझाप थांबली पाहिजे. मेन स्विच बंद असताही ती चालूच राहिली, तर मीटरच्या पुढे कोणाची तरी तार जोडलेली आहे अथवा मीटर सदोष आहे. दोन्ही बाबतींत लेखी तक्रार करणे आवश्यक. मेन स्विच चालू, पण आतील सर्व बटने बंद, अशा स्थितीत उघडझाप होत असेल, तर इन्व्हर्टर, टी.व्ही.चा खोका, पाण्याचा फिल्टर अशी नकळत चालू राहिलेली उपकरणे किंवा वर सांगितलेली गळती शोधावी.

त्यानंतर बाकी सर्व बंद ठेवून, बादलीत बुडविलेला पाणी तापविण्याचा १००० वॅटचा रॉड तेवढा सहा मिनिटे चालवावा. या वेळात बादलीस कोणी हात लावू नये. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग, तेव्हा एकदशांश युनिट खर्च व्हावयास हवे आणि दिव्याने सुमारे ३२० वेळा उघडझाप करावयास हवी. विजेचा दाब कमी असेल तर रॉडही कमी वीज खेचतो, त्यामुळे आकडा काहीसा खाली येईल. तो ठळकपणे वर गेला, तर तक्रारीस आधार मिळाला, असे समजावे. गावच्या शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींनी हा पडताळा एकदा मुलांकडून करवून घेतला, तर अनेक घरांतील प्रश्न मुलेच सोडवून टाकतील. दर रविवारी ठराविक वेळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवण्याचे कामही मुलांवर सोपविता येते. आधीचा आकडा वजा केला की आठवड्याचा वापर निघतो, आणि बिल हाती येण्यापूर्वीच त्याचा अंदाज घरात असतो.

प्रीपेड मीटर आणि बंद घरे

बिल मागाहून येण्याच्या पद्धतीत मीटर स्मार्ट असले काय नि नसले काय, घरच्या व्यवहारात मोठा फरक पडत नाही. प्रीपेडचे तसे नाही. तेथे भरलेल्या रकमेतून विजेचा आकार, स्थिर आकार व शासनाचे वीज शुल्क दररोज वजा होत जाते. हा हिशेब कार्यालयाच्या संगणकात चालतो आणि शिल्लक संपली, की मीटरमधील स्विचला पुरवठा बंद करण्याचा आदेश दुरूनच दिला जातो. मीटर बदलण्यापूर्वीची बाकी असेल, तर तीही याच रकमेतून वळती करून घेतली जाते. ही गोष्ट आधी न सांगितल्याने पुष्कळ गैरसमज झाले. गुजरातेत घरगुती बिल दोन महिन्यांनी येते. दोन महिन्यांनी एकदा मोठी रक्कम भरण्याची सवय असलेल्या घरास, ऐन मे महिन्याच्या उकाड्यात, दर आठवड्यास पैसे भरावे लागले, तर खर्च वाढल्याचा भास होणे साहजिक होते. भास कोणता व प्रत्यक्ष वाढ कोणती, हे युनिटे पाहिल्यावाचून ठरत नाही. रुपयांची तुलना येथे फसवी ठरते.

प्रीपेड मीटर घेणाऱ्या ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, असे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४७ मध्ये नमूद आहे. म्हणून जुन्या जोडणीचे प्रीपेडमध्ये रूपांतर होत असेल, तर पूर्वी भरलेल्या ठेवीचे काय झाले, ती शिल्लकेत जमा झाली काय, हे विचारून घ्यावे. कित्येकांस आपली ठेव जमा आहे याचीच कल्पना नसते.

शिल्लक कमी झाल्याचा संदेश ज्या मोबाइल क्रमांकावर येतो, तो क्रमांक कोणाचा आहे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात घरात वृद्ध आई एकटी असते, जोडणी दिवंगत वडिलांच्या नावे असते आणि नोंदलेला क्रमांक परदेशी जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. संदेश समुद्रापार जातो आणि दिवा येथे विझतो. जोडणी हयात व्यक्तीच्या नावे करून घेणे व घरात राहणाऱ्या माणसाचा क्रमांक नोंदविणे, ही दोन कामे मीटर बदलण्यापूर्वीच उरकावीत. ज्यांना मोबाइलवरून पैसे भरणे जमत नाही, त्यांच्यासाठी रोखीने भरण्याची सोय जवळ कोठे आहे, याची चौकशी ग्रामपंचायतीने केल्यास ती मोठीच मदत ठरेल.

बंद घरांचा प्रश्न गोव्यात विशेष आहे. मुंबईस किंवा परदेशी राहणारी कुटुंबे चतुर्थीस गावी येतात आणि उरलेले वर्षभर घरास कुलूप असते. अशा घरी युनिटे जळत नसली तरी मंजूर भारानुसार स्थिर आकार लागू होतच असतो. बिलाच्या पद्धतीत त्याची थकबाकी साचते. प्रीपेड पद्धत असल्यास त्याने शिल्लक हळूहळू संपते आणि गणपती घरात आणण्याच्या दिवशी घर अंधारात सापडते. वर्षभराच्या स्थिर आकाराएवढी रक्कम आगाऊ भरून ठेवणे, किंवा गरजेपेक्षा अधिक असलेला मंजूर भार कमी करून घेणे, हे दोन मार्ग मोकळे आहेत. बंद घरास स्मार्ट मीटरचा एक लाभही आहे. कुलपामुळे रीडिंग घेता येत नाही म्हणून काढली जाणारी सरासरी बिले तेथे बंद होतात. मात्र घर केव्हा रिकामे असते, हेही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या या नोंदींवरून कळू शकते. म्हणून मोबाइलवरील वापराच्या नोंदी पाहण्याचा सांकेतिक शब्द कोणासही देऊ नये.

नियमांनी दिलेले संरक्षण

वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीचे केंद्रीय नियम डिसेंबर २०२० मध्ये निघाले व पुढे त्यांत सुधारणा झाल्या. वापराच्या मानाने रीडिंग अधिक येते अशी तक्रार केल्यास, मीटरची तपासणी तीस दिवसांत झाली पाहिजे, असे मूळ नियम सांगतात. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारणेने ग्राहकाच्या हाती याहून मोठे साधन दिले. अशी तक्रार आल्यापासून पाच दिवसांत वितरण संस्थेने जादा मीटर बसवावयाचे आणि किमान तीन महिने दोहोंच्या आकड्यांचा ताळा पाहावयाचा, अशी तरतूद त्यात आहे. बडोद्याच्या ग्राहकांनी जे रस्त्यावर मागितले, ते त्याआधी तीन महिने नियमात आलेले होते. दुर्दैवाने ते फारच थोड्यांस ठाऊक होते.

जून २०२३ च्या सुधारणेत मंजूर भाराविषयी दिलासा आहे. मंजूर भार एक किलोवॅट असलेल्या घरात कालांतराने फ्रीज, मिक्सर, पाण्याचा पंप आला, म्हणजे प्रत्यक्ष भार वाढतो व स्मार्ट मीटर तो अचूक टिपते. परंतु या नोंदीच्या आधारे मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड लावता येत नाही, आणि वर्षातून किमान तीन वेळा मर्यादा ओलांडली गेली तरच भार वाढवून धरता येतो. मीटर दुरून दिवसातून एकदा तरी वाचले जावे व तो तपशील ग्राहकास मिळावा, असेही तेथेच म्हटले आहे. अंदाजे बिलांवरही बंधन आहे: एका आर्थिक वर्षात दोनांहून अधिक अंदाजे बिले काढता येत नाहीत.

याच नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार वेगळे दर लावण्याची वाट मोकळी केली. सूर्यप्रकाशाच्या तासांत सौर वीज मुबलक असते, म्हणून तेव्हाचा दर कमी. संध्याकाळी मागणी वाढते, म्हणून तेव्हाचा दर अधिक असू शकतो. मध्य प्रदेशात २०२५-२६ च्या दरपत्रकात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर २० टक्के सूट देण्यात आली; महाराष्ट्रातही १ जुलै २०२५ पासून दिवसाच्या वापरास सवलत मिळू लागली. इंदूर-ग्वाल्हेरकडील घरांत कपडे धुण्याचे यंत्र व पाण्याचा पंप दुपारी चालविल्यास हा फरक बिलात दिसावा. त्या बिलावर 'नियत प्रभार' म्हणजे स्थिर आकार व 'ऊर्जा प्रभार' म्हणजे विजेचा आकार, एवढे जाणून घेतले की ते वाचणे अवघड नाही.

वादग्रस्त बिल आल्यावर पैसे भरणे सरसकट थांबविणे धोक्याचे आहे. कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तथापि त्याच कलमात अशीही सोय आहे, की मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, 'हरकत नोंदवून' भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. पैसे भरताना हरकतीचे दोन ओळींचे पत्र देऊन पोच घ्यावी, म्हणजे झाले.

या पंधरा दिवसांच्या नोटिशीचे ज्ञान आणखी एका संकटातून वाचविते. "मागील बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब या अधिकाऱ्यास फोन करा", अशा आशयाचे बनावट संदेश मोबाइलवर येतात. फोन करणाऱ्यास एखादे ॲप उतरवून घेण्यास किंवा दहा रुपये भरून पाहण्यास सांगतात आणि तेवढ्यात बँकेतील ठेव नाहीशी होते. यात निवृत्त शिक्षक व अधिकारीही फसले आहेत. वीज कार्यालय कोणासही खासगी क्रमांकावर फोन करावयास सांगत नाही. असा संदेश येताच, छापील बिलावर असलेल्या क्रमांकावरच चौकशी करावी आणि पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

तक्रारीचा क्रम असा: प्रथम स्थानिक उपविभागाकडे लेखी अर्ज व त्याची पोच, तेथे दाद न मिळाल्यास कलम ४२ खाली स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्याच्या निर्णयानेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील देण्याची आवश्यकता नाही. मीटर बदली अहवालाची प्रत, दोन्ही मीटरांची छायाचित्रे, मागील वर्षाची बिले आणि कॅलेंडरवर उतरविलेले आठवड्याचे आकडे, एवढी कागदपत्रे बरोबर असली म्हणजे पुरे.